घोडा आजारी आहे का? मालकांना नेहमी पडणारे प्रश्न

घोड्याच्या मालकाने रोगनिदान करावं अशी कुणाची अपेक्षा नसते. आपलं जनावर रोज कसं वागतं हे त्याला ठाऊक हवं आणि त्यात फरक पडला की ते वेळेत डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. ऐकायला सोपं आहे, पण नेमकं इथेच गाडं अडतं. पुढचे प्रश्न त्याच अडचणींचे आहेत.

घोड्याचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी कशावरून कळतं?

बहुतेक वेळा चंदीवरून. तोबरा दिसताच रोज फुरफुरणारा घोडा आज मान वळवून उभा राहिला, किंवा दोन घास खाऊन बाजूला झाला, तर ते मनाशी नोंदवा. पाठोपाठ लीद बघा. निरोगी घोडा दिवसाला साधारण 8 ते 12 वेळा लीद टाकतो. सकाळी ठाण झाडताना रोजच्या निम्मीच निघाली, गोळे लहान आणि कोरडे दिसले, वर चिकट पातळ थर दिसला, तर आतडं मंदावलं असं समजा. मग पाणी. घोडा दिवसाला 25 ते 50 लिटर पितो, कष्टाच्या किंवा उकाड्याच्या दिवशी त्याहूनही जास्त. बादलीने पाजत असाल तर कमी प्यायलेलं लगेच समजतं. आपोआप भरणाऱ्या भांड्यात मात्र घोडा दोन दिवस तोंड न लावताही कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून ती सोय मला फारशी आवडत नाही.

हे सगळं त्यालाच आधी दिसतं ज्याच्या हातात झाडू आणि खरारा असतो. तुम्ही आठवड्यातून एकदा तबेल्यात जात असाल, तर मोतद्दाराच्या "आज याचं लक्षण ठीक नाही" या वाक्याला किंमत द्या. त्याला कारण सांगता आलं नाही तरीही.

खरंच दुखत असेल तर घोडा ते दाखवणार नाही का?

दाखवतो, पण आपण बघतोय तिथे नाही. घोडा मूळचा शिकार होणारा प्राणी. कळपात लंगडणाऱ्यावर लांडग्याची नजर आधी जाते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. त्यात माणूस जवळ आला की तो कान टवकारतो, दोन पावलं पुढे येतो आणि आपल्याला वाटतं, बरा आहे की! त्यामुळे शंका असेल तेव्हा आधी लांबून, त्याचं लक्ष नसताना बघा.

चेहराही बोलतो. 2014 मध्ये संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सहा गोष्टी पाहतात: ताठरून मागे गेलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्याच्या वरचा ताणलेला भाग, घट्ट झालेले जबड्याचे स्नायू, आवळलेलं तोंड आणि त्यामुळे उठून दिसणारी हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. एकेकटी खूण फसवू शकते. आपला घोडा निवांत उभा असतानाचा एक स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि शंका आली की शेजारी धरून बघा. फरक चटकन दिसतो.

माझा घोडा गेल्या महिन्यापासून हट्टी झालाय. हा आजार की नखरा?

मालकांच्या समजुतीतली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. घोड्याला आपण स्वभाव चिकटवतो: आळशी, खट, चिडकी, नाटकी. एकदा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक लक्षण त्या स्वभावात जमा होतं. खोगिराचा पट्टा आवळताना दात विचकणारी एक घोडी माझ्या पाहण्यात होती. "बाईसाहेबांचा मूड नाही" हा तिच्या तबेल्यातला रोजचा विनोद. एंडोस्कोपी केली तेव्हा जठराच्या वरच्या भागात व्रण सापडले. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असतं, तो खात असो वा नसो. तासन् तास उपाशी उभा राहिला की ते आम्ल जठराच्या वरच्या उघड्या अस्तराला लागतं. घोडीला औषध सुरू झालं, पुढ्यात दिवसभर गवत राहील अशी व्यवस्था झाली, आणि मूडही सुधारला.

स्वारीखालच्या घोड्यांसाठीही अशी वर्तनांची एक यादी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात 24 वर्तनं आहेत: डोकं सारखं वर-खाली करणं, शेपूट आपटत राहणं, तोंड उघडून जीभ बाहेर काढणं, पावलात अडखळणं, पुढे जायला नकार देणं. यांपैकी 8 किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून नियम साधा ठेवा: पूर्वी करत नव्हता ते घोडा आता करू लागला असेल, तर आधी पाठ, दात, खोगीर, पाय आणि पोट तपासून घ्या. शिस्तीचा विचार त्यानंतर.

ताप, नाडी, श्वास घरच्या घरी मोजता येतात का?

येतात, आणि यायलाच हवेत. विश्रांतीतल्या प्रौढ घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण 99.5 ते 101.3. नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. शिंगराचे आकडे यापेक्षा बरेच जास्त असतात, ते या मापाने मोजू नका.

थर्मामीटर गुदद्वारात घालून मोजतात. त्याला दोरी बांधा, दोरीचा चिमटा शेपटीच्या केसांना लावा, टोकाला व्हॅसलीन लावा आणि स्वतः मागे नाही, बाजूला, अंगाला अंग लावून उभे राहा. नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला मिळते. तिथे हाडावरून एक दोरीसारखी रक्तवाहिनी जाते, तिच्यावर दोन बोटं हलकेच ठेवा. अंगठा नको, स्वतःचीच नाडी मोजाल. 15 सेकंद मोजून चारने गुणा. श्वास लांबून, कुशीची हालचाल बघून मोजा. नाकासमोर हात धरलात तर घोडा हुंगायला लागतो आणि आकडा बिघडतो.

हिरड्याही बघा. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या कोरड्या, फिकट, विटकरी किंवा जांभळट दिसल्या तर गोष्ट गंभीर आहे.

ही मोजणी घोडा ठणठणीत असताना काही वेळा करून वहीत लिहून ठेवा. एखाद्याची नाडी मुळातच 30 असते. त्याच्यासाठी 44 हा "नॉर्मल" आकडा नॉर्मल नव्हे.

पोट दुखतंय हे कसं ओळखायचं?

सगळ्यांना माहीत असलेलं चित्र म्हणजे घामाघूम होऊन लोळणारा घोडा. पण ते बरंच पुढचं चित्र आहे. सुरुवात फार बेताची असते: वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ उलटा करणं, पुढच्या पायाने जमीन खरवडणं, लघवीला उभं राहिल्यासारखं अंग ताणणं, बसणं आणि लगेच उठणं. काही घोडे यातलंही काही करत नाहीत, नुसते मलूल होऊन कोपऱ्यात उभे राहतात.

घोड्याचं पोट इतकं का बिघडतं, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. शरीराच्या मानाने जठर लहान, आणि त्याच्या तोंडाशी स्नायूंची गाठ इतकी घट्ट की घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं. पुढे मोठं आतडं लांबलचक, जागोजागी वळलेलं, काही वळणांवर एकदम अरुंद. कोरडा चारा तिथे अडकतो, वायू धरतो, आणि सैल असलेला भाग जागा सोडून सरकतो किंवा पीळ खातो. वायूची कळ काही तासांत जाते. पीळ पडला असेल तर तेवढेच काही तास जीव वाचवण्यासाठी हातात असतात. बाहेरून दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते, आणि म्हणूनच "सकाळपर्यंत बघू" हा निर्णय इतका धोक्याचा.

कुशीला कान लावा. गुरगुर, खळखळ ऐकू येणं चांगलं. काहीच ऐकू न येणं वाईट. नाडी 60 च्या वर गेली असेल तर डॉक्टर येईपर्यंत दवाखान्यात न्यायच्या गाडीची जुळवाजुळव सुरू करा. आणखी एक: तासभर तडफडणारा घोडा अचानक शांत झाला म्हणजे बरा झाला असं गृहीत धरू नका. आतडं फुटल्यावरही वेदना थोडा वेळ ओसरतात. तेव्हा नाडी चढलेलीच राहते आणि अंग गार पडू लागतं.

मग त्याला फिरवत राहायचं का? लोळू दिलं तर आतड्याला पीळ पडतो म्हणतात.

लोळल्यामुळे पीळ पडतो याला भक्कम आधार नाही. बहुधा उलट असतं, पीळ पडल्याची वेदना असह्य होते म्हणून तो लोळतो. लोळताना भिंतीवर आपटून तो स्वतःला आणि तुम्हाला इजा करेल, ही खरी काळजी. दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरवायला हरकत नाही, वायू सुटायला मदत होते. रात्रभर फरफटत फिरवणं मात्र क्रूरपणा आहे. शांत पडून राहिला असेल तर राहू द्या. चारा-चंदी काढून घ्या.

घरात दुखण्याचं इंजेक्शन शिल्लक आहे. देऊ का?

डॉक्टरांना फोन लावा आणि ते "द्या" म्हणाले तरच द्या. वेदनाशामकाने घोडा हुशार दिसू लागतो, आतलं बिघडलेलं तसंच राहतं आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. हा झाला एक धोका. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक स्नायूत टोचल्यावर त्या जागी क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंचा जीवघेणा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. मानेतल्या शिरेऐवजी सुई शेजारच्या धमनीत गेली तर घोडा जागेवर कोसळतो. फिनाइलब्युटाझोन हे दुसरं वेदनाशामक जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत दिलं की जठर, मोठं आतडं आणि मूत्रपिंड यांवर घाव बसतो. दोन वेगवेगळी वेदनाशामकं एकत्र देऊन "डबल" परिणाम साधायचा प्रकार तर अजिबात नको.

तेल, काढा, सोडा बाटलीने तोंडात ओतणं हाही जुना उद्योग. ते श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया. डॉक्टर तेल देतात ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून, आणि नळी जठरातच गेली आहे याची खात्री करून.

डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं?

"घोडा बरा नाही, लवकर या" एवढ्यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं सांगा: "बारा वर्षांची घोडी. संध्याकाळची चंदी अर्धी टाकली. दुपारी चारनंतर लीद नाही. अर्ध्या तासात तीनदा बसली-उठली, डाव्या कुशीकडे बघते. नाडी 56, ताप 38.1, हिरड्या ओलसर पण जरा लाल. परवा चारा बदलला. औषध काहीच दिलेलं नाही." यावरून ते अर्धी तयारी निघायच्या आधीच करतात. एखादं औषध दिलं असेल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेल्या औषधामुळे पुढचा सगळा उपचार चुकू शकतो.

कुठल्या गोष्टींसाठी अर्ध्या रात्रीही फोन करावा?

पोटदुखी. बंद केलेला किंवा पाणी गळणारा डोळा. डोळ्याचं दुखणं दिसतं तितकं किरकोळ नसतं, आणि बुबुळावर जखम असेल तर घरातल्या जुन्या स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळा जाऊ शकतो. सांध्याजवळची कितीही लहान जखम. तळव्यात घुसलेला खिळा. कामानंतर अंग आखडून लघवी कॉफीच्या रंगाची होणं. धाप न थांबणं आणि ताप 40 अंशांच्या वर जाणं. उन्हाचा तडाखा असेल तर डॉक्टर येईपर्यंत अंगभर गार पाणी सतत ओतत राहा.

नवजात शिंगराचं गणित वेगळं. ते तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत प्यायला हवं, आणि तीन तासांत घोडीची वार पडायला हवी. शिंगराला गर्भात आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती पहिल्या चिकातूनच मिळते. आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेऊ शकतं. यात "थांबून बघू" नाही.

भूक शाबूत असून थोडं खरचटलं, एखाद्या दिवशी लीद जरा पातळ झाली, काम नसलेल्या दिवशी मागचे पाय किंचित सुजले, अशा गोष्टी चोवीस तास नजरेखाली ठेवल्या तर चालतं.

घोडा मागे रेलून उभा आहे आणि पाऊल टाकायला तयार नाही. थकलाय का?

बहुधा खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी भिंतीला लटकलेलं असतं ते सुजतात. सैल पडले की ते हाड फिरतं किंवा खाली सरकतं. घोडा पुढच्या खुरांवरचा भार टाळायला मागच्या पायांवर रेलतो. पाऊल जिथे खुराला मिळतं त्याच्या वरच्या गाठीजवळ, मागच्या बाजूने दोन्हीकडे बोटं ठेवा. एरवी शोधूनही सापडत नाही ती नाडी टणटण उडताना लागेल. खुरंही गरम लागतील.

दाण्याच्या पोत्यापर्यंत पोचलेला घोडा हे एक कारण. पण जास्त घोड्यांत मूळ बिघाड इन्सुलिनचा असतो आणि कोवळं, गोड गवत ठिणगी टाकतं. त्याला चालवू नका. खाली मऊ आणि खोल बिछाना करा, दाणा बंद करा, डॉक्टरांना बोलवा आणि खुरं बर्फाच्या पाण्यात ठेवायची का ते लगेच विचारा. दाणा चोरून खाल्ल्याचं कळलं असेल तर लक्षणांची वाटच बघू नका.

काल ठीक होता, आज एक पाय टेकवतच नाही. हाड मोडलं?

मोडलेलं असू शकतं, पण खुरात पू झाल्यावरही अगदी असंच दिसतं. वाट करून दिली की घोडा लगेच पाय टेकू लागतो. खिळा दिसला तर स्वतःहून उपटू नका. तो किती खोल आणि कुठल्या दिशेने गेला आहे हे एक्स-रेत दिसायला हवं. चालताना आणखी आत घुसणार अशी भीती असेल तरच काढा, आणि जागा व खोली खूण करून ठेवा. धनुर्वाताची लस कधी दिली ते आत्ताच शोधा. घोड्याला धनुर्वात फार सहज होतो आणि झाला की वाचणं कठीण असतं.

नाकातून हिरवं पाणी आणि चारा येतोय, मान ताणून खोकतोय.

अन्ननलिकेत घास अडकलाय. घाबरू नका, श्वासनळी मोकळी आहे. सगळं खाणं-पिणं काढा, डोकं खाली राहू द्या, पाणी किंवा तेल ओतू नका, डॉक्टरांना कळवा. पुष्कळदा ते येईपर्यंत घास आपोआप सुटतो. दात बघून घ्या, न चावता गिळण्याचं कारण तिथेच सापडतं.

तबेल्यात एकाचं नाक वाहतंय. बाकीच्यांचं काय?

आजारी घोडा आधी वेगळा करा, नाव नंतर शोधा. त्याची बादली, खरारा, लगाम वेगळे. त्याचं काम सगळ्यात शेवटी, आणि नंतर हात-बूट धुऊन. मग बाकी सगळ्यांचा ताप दिवसातून दोनदा मोजा. जबड्याखाली गाठी येऊन पू होणाऱ्या स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो आणि जंतू बाहेर पडायला त्यानंतर एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात घोडा वेगळा काढलात तर साखळी तुटते. बरे दिसणारे काही घोडे घशाजवळच्या पोकळीत जंतू महिनोन् महिने बाळगतात, म्हणून तपासणी झाल्याशिवाय त्यांना कळपात सोडू नये. नवा घोडा आणला की तीन आठवडे वेगळा ठेवण्याचं कारणही हेच.

नाकात व्रण, घट्ट पिवळट स्राव आणि पायांवर ओळीने फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घ्या. हा आजार माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. हातमोजे-मास्क घाला आणि पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा. घरी उपचार करत बसण्याचा हा आजार नाही.

म्हातारा आहे, वयाने वाळलाय. चालायचंच ना?

नाही. वय हा आजार नव्हे, पण आजार लपायला ती उत्तम जागा आहे. दात झिजून, टोकदार होऊन तोंडातून चाऱ्याचे चघळलेले बोळे पडत असतील तर घोडा अक्षरशः उपाशी आहे. ऋतू बदलूनही झडत नाही अशी लांब लव, जास्त पाणी, जास्त लघवी, गळालेली पाठ आणि पुन्हा पुन्हा होणारा खुरांचा दाह हे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडाचं लक्षण आहे. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत तो नेहमी दिसतो. रक्त तपासून कळतो, आणि पर्गोलाइड या औषधाने पुष्कळ घोडे वर्षानुवर्षं नीट राहतात.

उलट दुसरीकडे, गुबगुबीत घोडा "खाऊन-पिऊन सुखी" वाटतो. हेनेके या संशोधकांनी 1983 मध्ये दिलेली, अंगावरची चरबी जोखायची 1 ते 9 ची श्रेणी वापरा आणि डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा. फासळ्या दिसू नयेत पण सहज लागाव्यात. मानेच्या वरच्या कडेला चरबीची कडक वळी असेल तर ते खुरांच्या दाहाचं आमंत्रण आहे.

तबेल्यात दहा जण दहा सल्ले देतात. कुणाचं ऐकू?

खुराबद्दल नालबंदाचं जरूर ऐका. तो दर काही आठवड्यांनी तोच खूर हातात घेतो, आणि खुरावरच्या कड्या, भिंतीतली फट, तळव्यातले रक्ताचे डाग त्याला तुमच्या आधी दिसतात. सवयीतल्या बदलाबद्दल मोतद्दाराचं. औषधाबद्दल मात्र फक्त डॉक्टरांचं. "माझ्या घोड्याला यानेच बरं वाटलं" हे खरं असू शकतं, कारण वायूची कळ काहीही दिलं तरी बहुधा बरी होते, आणि श्रेय शेवटी दिलेल्या वस्तूला जातं.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्या क्षणी कसं ठरवणार?

त्या क्षणी ठरवूच नका, आज ठरवा. घोड्याचं वय, आधीचे आजार, खर्चाची तयारी, नंतरची काही महिन्यांची शुश्रूषा कोण करणार, दवाखाना किती तास दूर आहे, हे सगळं शांतपणे लिहून ठेवा. तुम्ही फोनवर नसाल तर कुणाचा शब्द अंतिम, हेही लिहा. तबेल्यात ते भिंतीवर लावा.

बरं न होणाऱ्या दुखण्यात प्रश्न वेगळा असतो. तो अजून खातो, एवढ्यावर जाऊ नका. वेदनेतही घोडे खातात. तो स्वतःहून आडवा होऊन उठू शकतो का? सोबत्यांकडे जातो का? चांगले आणि वाईट दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजा, कारण आठवण नेहमी चांगल्या दिवसांच्या बाजूने बोलते. पशुवैद्याच्या हातून वेदनेविना शेवट करणं हाही उपचारच आहे, आणि तो उशिरा केल्याची खंत मालकांकडून जास्त ऐकू येते.

डॉक्टर येऊन गेले. आता काय बघू?

जायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचारून घ्या: खायला केव्हा आणि किती द्यायचं, औषधाचा असर केव्हा उतरेल, आणि काय दिसलं तर पुन्हा फोन करायचा. असर उतरल्यानंतरचा तास महत्त्वाचा. दुखणं परतायचं असेल तर तेव्हा परततं. त्या वेळी नाडी मोजा. लीद पडली की वेळ लिहा, भूक लागली म्हणून लगेच दाणा घालू नका, सांगितलं असेल तेवढंच भिजवलेलं गवत थोडं थोडं द्या. आणि रात्रीच्या पाळीला जो राहणार आहे त्याला हे सगळं तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.